सुरगाणा लाइनचा जास्तीचा ठिपका

साळवे पेंटरने आमच्या स्टँडच्या बोर्डावर शेकडो ठिपके काढले. त्यातला एक चुकला. बाकीच्यांबद्दल तो कधी बोलला नाही, त्या एकाबद्दल मरेपर्यंत बोलत राहिला. त्याला जाऊन आता सव्वा वर्ष झालं. गल्लीतले लोक त्याला चक्रम म्हणायचे. चक्रम तो होताच, पण त्याला कारण होतं. ते मला माहीत आहे, कारण तो बोर्ड लागला त्या दिवसापासून उतरला त्या दिवसापर्यंत मी त्याच्याखाली बसत होते.

नाशिकच्या जुन्या स्टँडवर मी पेरू, काकडी, बोरं, ज्याचा मोसम असेल ते विकायचे. माझं शिक्षण चौथी. पेंटर माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचे. तो मला हौसाबाई म्हणायचा, आणि रागावला तरी अहो-जाहो सोडायचा नाही. त्याच्या हाताला कायम रॉकेलचा वास यायचा. पेरूला तिखट-मीठ लावून दिलं तर तो फडक्याने पुसून काढायचा. मग मी लावायचं सोडलं.

त्याच्या बोर्डाच्या आधी तिथे एक काळा फळा होता. वरपासून खालपर्यंत पांढऱ्या अक्षरांत नुसती गावांची नावं. वाचता येणाऱ्याला आपलं गाव सापडेपर्यंत गाडी निघून जायची, आणि वाचता न येणारे माझ्याकडे यायचे. "मावशी, वणीची गाडी कंची?" दिवसातून पन्नास वेळा. मी वैतागून सांगायचे. पेरू घेतला असेल तर जरा नीट सांगायचे.

साळवेला तो फळा नवीन रंगवायला बोलावलं होतं. दोन दिवस तो शिडीवर बसून जुनी अक्षरं खरवडत होता आणि माझं बोलणं ऐकत होता. तिसऱ्या दिवशी खाली उतरला.

"हौसाबाई, तुम्ही लोकांना फाट्याचं नाव सांगतच नाही."

"मग काय सांगते?"

"बोरगाव सोडलं की तिसऱ्या फाट्याला उतर, असं सांगता."

"नावाची पाटी त्यांना वाचता येते का? बोटं मोजता येतात."

त्याने ब्रश धुतले, स्टँडच्या साहेबाच्या खोलीत गेला, आणि आपण अक्षरांचा फळा करणार नाही, नकाशा करणार, असं सांगून आला. साहेब भला माणूस होता. त्याने थांब्यांची छापील यादी पुढे केली. साळवेने ती घेतली नाही.

"कागदावर थांबे असतात साहेब. गाडी कुठे थांबते ते कागदावर नसतं. मी फिरून येतो."

आणि खरंच चार महिने फिरला. शर्टाच्या खिशात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. गाडीच्या दारापाशी बसायचं, आणि गाडी थांबली की दोऱ्याला गाठ मारायची. मोठा स्टँड असेल तर दुहेरी गाठ. फाटा असेल, म्हणजे उतरून पुढे चालायचं असेल, तर गाठीत काडेपेटीची अर्धी काडी अडकवायची. गावाचं नाव शेजारच्या माणसाला विचारून वहीत लिहायचं. संध्याकाळी परत आला की दोरा माझ्या पाटीवर पसरून दाखवायचा. "हे सिन्नर. हे दिंडोरी-वणी." इगतपुरीचा दोरा पावसात भिजला तो तीन दिवस वाळला नव्हता. तो मी माझ्या पेरूंवर ठेवू दिला नाही.

मग बोर्ड. दोन माणसांनी उचलावा एवढा पत्रा. त्याला आधी तांबडा गंजरोधक, त्यावर साईसारखा पिवळट रंग. रेघा मारायची त्याची रीत सुताराची होती. दोरीला नीळ चोळायची, दोन टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची. पत्र्यावर सरळ निळी रेघ उमटायची, मग तीवर रंग. त्यामुळे त्याच्या सगळ्या लाइनी सरळ निघाल्या. नाशिक मधे, आणि चारी बाजूंना छत्रीच्या काड्या. साहेब बघायला आला तो बघतच राहिला.

"साळवे, सुरगाण्याचा रस्ता इतका सरळ आहे का? घाट कुठे गेला?"

"घाट गाडी चढते साहेब. माणूस बसलेला असतो."

"आणि इगतपुरी इतकी जवळ?"

"लांब किती ते तिकीट सांगतं. बोर्डाने कितवा ते सांगायचं."

प्रत्येक लाइनला वेगळा रंग. सुरगाण्याला हिरवा, इगतपुरीला निळा, सिन्नरला विटकरी. नाशिक रोड लाल, आणि टोकाला छोटं इंजिन, म्हणजे रेल्वेला जाणाऱ्याला विचारायला नको. हिरव्या लाइनवर वणीपाशी देवीचा छोटा डोंगर. दहा मिनिटं गाडी थांबते तिथे चहाच्या ग्लासाच्या बुडाएवढा गोल. साध्या थांब्याला सोड्याच्या बाटलीच्या बुचाएवढा ठिपका. फाट्याला अर्धा ठिपका, आणि गाव ज्या हाताला असेल त्या बाजूला त्याचं पोट. पावसाळ्यात जो रस्ता बंद पडायचा तिथे त्याने पत्र्याची एक पट्टी खिळ्यावर टांगली होती, एका बाजूने हिरवी आणि दुसऱ्या बाजूने काळी. जूनमध्ये तो स्टूल घेऊन यायचा आणि पट्टी उलटी करून जायचा. ते कुणी त्याला सांगितलेलं नव्हतं.

खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'साळवे' एवढंच लिहिलं.

बोर्ड लागल्यावर आठ-दहा दिवस कुणी त्याकडे बघितलं नाही. लोक आपले माझ्याकडेच. पहिल्यांदा तो कळला मंगळीला. मंगळी सुरगाण्याच्या वाटेवर, बोरगावच्या पुढच्या पाड्यावरची. दरसाल दिवाळी झाली की टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला यायची आणि अधूनमधून नाशिकला दवाखान्यात. ती बोर्डासमोर उभी राहिली, बोरगावच्या गोलावर बोट ठेवलं आणि पुढे सरकवलं. एक, दोन.

"मावशी, ह्यो माझा. दुसरा."

"बरोबर."

"मंग तुला कशाला इचारायचं?"

"नको विचारू. माझं डोकं तरी शांत राहील."

त्यानंतर तिने टोळीतल्या बायकांना शिकवलं. बायका यायच्या, बोट लावून मोजायच्या, आपसात हसायच्या आणि गाडीत बसायच्या. साळवे लांबून बघायचा. बघत नाही असं दाखवायला कोरडाच ब्रश पुसत बसायचा. तो एकच वाक्य म्हणायचा, "विचारायला लागलं म्हणजे बोर्ड नापास." मी म्हटलं, "पेंटर, विचारायला येणारी माणसं पेरू घेतात. माझं गिऱ्हाईक तोडलंस." तो म्हणाला, "बोर्डाखाली बसताय. गिऱ्हाईक वाढेल." ते वाढलं.

दीड वर्ष असं चाललं. मग एक दिवस मंगळी आली ती बोर्डाकडे न बघता सरळ माझ्यापुढे बसली.

"मावशी, तुझा बोर्ड लबाड हाय."

तिची लेक त्याच लाइनला पुढच्या एका पाड्यावर दिली होती. लेकीचं बाळंतपण आलं म्हणून मंगळी पहिल्यांदाच तिकडे एकटी निघाली. डिंकाची पिशवी, नाचणीचं पीठ, जुन्या लुगड्यांचं गाठोडं. बोर्डावर मोजलं, लेकीचा फाटा सहावा. पाचव्या थांब्याला कंडक्टर म्हणाला, हाच तुझा फाटा, उतर.

"मी म्हटलं, नाय. अजून एक हाय. तो म्हणला, बाई, मी रोज जातो. मी म्हटलं, तू रोज जातो, पण बोर्डावर सहावा लिव्हलाय. गाडीतली सारी हसली. मी उतरलेच नाय."

"मग?"

"मंग काय. पुढल्या फाट्याला उतरले आन् घाटातनं मागं चालत आले. ऊन लय. पोचले तर पोरगी मोकळी झालेली. तिची सासू म्हणती कशी, या विहीणबाई, आम्हाला वाटलं तुमची दुसरी लेक हाय पुढच्या गावात."

एवढं सांगून ती उठली. जाताना म्हणाली, "वणीची गाडी कंची उभी हाय गं?" वणीची गाडी तिच्या समोर उभी होती, आणि तिला ते माहीत होतं. तरी विचारलं.

दुसऱ्या दिवशी साळवे आला तेव्हा मी आडपडदा ठेवला नाही. "पेंटर, सुरगाणा लाइनला तुझा एक ठिपका जास्तीचा आहे." आणि मंगळीचं सगळं सांगितलं, विहिणीच्या टोमण्यासकट. तो घरी गेला आणि ट्रंकेतून दोरा घेऊन आला. आम्ही दोघांनी गाठी मोजल्या. दोरा आणि बोर्ड बरोबर जुळत होते. बोरगावनंतर चौथी गाठ, अर्ध्या काडीसकट. वहीत तिचं नाव होतं, जावईपाडा. असा पाडा मी कधी ऐकला नव्हता.

तो परत त्या गाडीने गेला. त्या जागी गाडी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी गेला, नाही थांबली. तिसऱ्या दिवशी पहिल्या वेळचा ड्रायव्हर भेटला. त्याला विचारलं तर तो हसत सुटला.

"अहो पेंटर, तिथे माझी सासुरवाडी. त्या दिवशी कांद्याची गोणी टाकायची होती म्हणून गाडी उभी केली."

"आणि जावईपाडा?"

"ते कुणीतरी मला चिडवायला म्हटलं असणार."

ड्रायव्हर-कंडक्टर लोकांना हे पहिल्यापासून माहीत होतं. चहाच्या टपरीवर त्या ड्रायव्हरला ते जावईपाडाच म्हणायचे. आता ते साळवेलाही म्हणाले, "आम्हाला वाटलं, तू मुद्दाम गंमत केलीस." साळवेला त्यात गंमत दिसली नाही. मला थोडी दिसली, पण मी हसले नाही.

साहेबाच्या छापील यादीत तो थांबा नव्हता. यादीवरून बोर्ड केला असता तर हे झालं नसतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "यादीवरून केला असता तर मंगळीचा पाडाही बोर्डावर आला नसता. तोही यादीत नाही." ते खरं होतं.

संध्याकाळी तो पिवळट रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन आला. बोर्ड भिंतीवर नव्हता. भिंतीला ओल येत होती म्हणून ती प्लास्टर करायला काढली होती आणि सगळे बोर्ड उतरवून आत ठेवले होते. तो म्हणाला, "परत लावतील तेव्हा पुसतो." भिंत सुकायला महिना गेला. तोवर छापील फ्लेक्स आला, वेळापत्रकाचा, बारीक अक्षरांचा. पत्र्याचा बोर्ड आतच राहिला आणि पुढे कधीतरी इतर लोखंडाबरोबर भंगारात गेला. कुणाचा दोष नव्हता. जुनी वस्तू जाते तशी गेली.

मी म्हटलं, "चला, बोर्ड गेला आणि ठिपकाही गेला. सुटलास."

"पत्रा मरत नाही हौसाबाई. कुठेतरी उभा असेल. कुणीतरी मोजत असेल."

इथून पुढे तो चक्रम झाला. पिशवीत कायम ती डबी आणि तो ब्रश. डबी सुकली की नवी. भंगारवाले त्याला लांबून ओळखायचे आणि दिसला की ओरडायचे, "आज नाही आला, पेंटर." नाशिक रोडच्या कॉलनीत एकाच्या छपरावर चढला म्हणून शिव्या खाल्ल्या. सिन्नरला पुतण्याच्या लग्नात अक्षता पडत असताना हा मांडवामागे, आचाऱ्याने वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेले पत्रे उलटे करून बघत होता. त्याची बायको मला म्हणायची, "अक्का, पत्रा दिसला की ह्यांना पाठ बघायची असते. माझी पाठ कधी धरली, ते नाही बघत." ती बाई गेली तरी याचं चालूच होतं.

एकदा तो मंगळीच्या पाड्यावरही जाऊन आला. माफी मागायला. ती बागेच्या कामाला गेली होती. तिच्या सासूने विचारलं, काय काम? हा म्हणाला, बोर्डाचं. ती समजली विजेच्या बोर्डाचा माणूस आलाय, आणि तिने मीटर दाखवलं. नाचणीची भाकरी खाऊन हा परत आला. मंगळी पुढे स्टँडवर यायची ती मलाच विचारायची. फ्लेक्सवर तिच्यासाठी काही नव्हतंच.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. माझे गुडघे गेले, मी पाटी सोडली. साळवे आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहायचा. एका डोळ्याला कमी दिसायचं, तरी दर एप्रिलला विहाराची कमान तोच रंगवायचा. आणि मग केतकी आली.

केतकी पंचविशीतली मुलगी. बसचे, आगगाडीचे, ट्रामचे जुने नकाशे गोळा करायची. ओझरकडच्या एका पोल्ट्रीत शेडची मागची भिंत म्हणून लावलेला पत्रा तिला सापडला होता. कोंबड्यांची घाण तिने महिनाभर बसून कापसाने काढली, तेव्हा कोपऱ्यात 'साळवे' दिसलं. स्टँडवर विचारत विचारत ती माझ्याकडे पोचली. मी तिला घेऊन गेले.

साळवेने तिचं नावही विचारलं नाही. "हिरवी लाइन. बोरगावच्या पुढे चौथा अर्धा ठिपका. आहे का?"

तिने मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. त्याने भिंग लावून बघितलं.

"आहे," तो म्हणाला, आणि आत गेला. डबी आणि ब्रश घेऊन आला, पायात चपलाही घातल्या. "चला."

"कुठे, आजोबा?"

"पुसायला."

त्या मुलीने त्याला समजावलं. बोलायला गोड होती, पण ऐकणारी नव्हती. बोर्ड आता प्रदर्शनात लागणार होता. जुनी वस्तू आहे तशीच ठेवायची असते, नवा रंग लागला की तिची किंमत जाते. "आणि आजोबा, तो ठिपका हीच तर गोष्ट आहे."

"गोष्ट माझी आहे. चालली ती बाई."

"पण आता त्याच्यावरून कोण गाडी पकडणार आहे?"

"मग त्याला नकाशा म्हणू नका. पत्रा म्हणा."

शेवटी ती म्हणाली, खाली चिठ्ठी लावते, हा थांबा चुकून आला आहे अशी.

"ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी बोर्ड केला होता," साळवे म्हणाला. "चिठ्ठी कोण वाचणार?"

"तिथे सगळे शिकलेलेच येतात, आजोबा."

मी म्हटलं, "मी पण येणार आहे." ती हसली. साळवे हसला नाही. डबी त्याने हातात धरून ठेवली होती. मुलगी जाईपर्यंत तशीच धरली होती.

प्रदर्शन गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये होतं, आठ दिवस. मी पाचव्या दिवशी गेले, नातीने रिक्षात बसवून दिलं. आत थंड होतं आणि माणसं हळू बोलत होती. भिंतीवर काचेत बसवलेले नकाशे. एक ट्रामचा होता, त्यात रस्त्याचं वळणन् वळण, तळी, देवळं, बाजार, सगळं काढलेलं. त्यात ट्रामची रेघच सापडेना. एक आगगाडीचा, घडीचा, सुरवंटासारखे डोंगर काढलेले. घड्यांवर गावं फाटून गेली होती. केतकी लोकांना सांगत होती की, पूर्वी नकाशा काढणारे जमीन जशी आहे तशी काढायचे. परदेशात कुणाला तरी सुचलं की गाडीत बसलेल्याला जमीन नको असते, पुढचं स्टेशन हवं असतं, आणि मग रेघा सरळ झाल्या. "आणि आपल्या इथे एका पेंटरला हेच दोरी आणि निळीने सुचलं," असं म्हणून ती आमच्या बोर्डाकडे हात करायची.

बोर्ड शेवटच्या भिंतीला होता. रंग उडालेला, खालच्या बाजूला चोचींचे ओरखडे, पावसाळ्याची पट्टी गेलेली, नुसता खिळा. खाली चिठ्ठी लावलेली होती. आणि बोर्डापुढे दोरी बांधली होती, तिच्या आत साळवे उभा. धुतलेला शर्ट, पायात मोजे. उजवा हात वर करून पंजा पत्र्यापासून बोटभर लांब धरलेला, बरोबर त्या ठिपक्यावर.

"हे काय चालवलंयस?"

"हात लावत नाही," तो म्हणाला. "झाकतो नुसता. तिने परवानगी दिली आहे."

"पाच दिवस?"

"मधे जेवायला सोडतात."

त्याच्यासाठी एक खुर्ची ठेवली होती. तीवर कुणीतरी पर्स ठेवून गेलं होतं. बघणारे यायचे, त्याला नमस्कार करायचे, त्याच्याबरोबर फोटो काढायचे. तो प्रत्येकाला सांगायचा की, चौथा धरू नका. ते हो हो म्हणायचे आणि पुढच्या नकाशाकडे जायचे. त्यांच्यापैकी एकालाही सुरगाण्याला जायचं नव्हतं.

मी बाकावर बसून राहिले. दुपारी गर्दी ओसरल्यावर हॉल पुसणारी बाई बादली घेऊन आली. चाळिशीची असेल. पुसत पुसत बोर्डापाशी आली आणि थांबली. चिठ्ठीकडे तिने बघितलंही नाही. हिरवी रेघ बघितली आणि म्हणाली, "बाबा, ही सुरगाण्याची का?"

"तुला कसं कळलं?"

"वणीचा डोंगर काढलाय की. पुढं आमचंच."

"कुठे उतरतेस?"

तिने पाड्याचं नाव सांगितलं. साळवेने डाव्या हाताने बोरगावचा गोल दाखवला. उजवा हात जागचा हलवला नाही. "इथून मोज."

बाईने फडकं खांद्यावर टाकलं, बोट पुढे केलं आणि हवेतच मोजायला लागली. एक, दोन, तीन. तिचं बोट त्याच्या पंजाजवळ आलं तसं थांबलं.

"इथं काय हाय?"

"इथे काही नाही. पुढे चल."

"चार," ती म्हणाली, पलीकडच्या ठिपक्यावर.

मला न्यायला आलेला रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मी उठले आणि दारातून हाक मारली, "पेंटर, येतोस का? सोडते तुला घरी."

"तुम्ही व्हा पुढे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "हिचा सातवा आहे."